भयानकाची घडण

इंग्रजी भयकादंबरीची एक आद्य लेखिका ॲन रॅडक्लिफ हिचा एक छोटासा निबंध तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १८२६ साली, एका इंग्रजी मासिकात प्रसिद्ध झाला. दोन प्रवाशांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेल्या त्या निबंधात तिने असे प्रतिपादिले आहे की, ज्याला आपण सरसकट भय म्हणतो त्यात परस्परांहून अगदी भिन्न अशा दोन वृत्ती एकत्र नांदत असतात. एक वृत्ती मनाला विशाल करते, त्याच्या सर्व शक्ती जागृत करते आणि पुढे काय ओढवणार याविषयी त्याला सावध करते. दुसरी मनाला आक्रसून टाकते, गोठविते आणि त्याची विचारशक्ती जवळजवळ नाहीशी करते. पहिलीचा उगम संदिग्धतेत असतो, दुसरीचा प्रत्यक्ष भीषण दर्शनात. आपल्या साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिलीचे नाते भयानकाशी जुळेल आणि दुसरीचे पुष्कळ अंशी बीभत्साशी. रॅडक्लिफने केलेला हा भेद मान्य केला की एक प्रश्न सहजच पुढे उभा राहतो. भीषण वस्तू पुढे न आणता, किंबहुना ती दृष्टीआड ठेवूनच, जो लेखक वाचकाचे अंतःकरण हलवितो, तो हे नेमके कोणत्या साधनांनी करतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी ज्या निष्कर्षाप्रत आलो आहे तो प्रथमच सांगून टाकतो, म्हणजे पुढील उदाहरणे कशासाठी घेतली आहेत हे वाचकांच्या ध्यानी येईल. कथेतील भय हे घटनेत साठविलेले नसते. त्या घटनेविषयी निवेदकाला किती ठाऊक आहे, पात्राला किती ठाऊक आहे आणि वाचकाला किती ठाऊक आहे, या ज्ञानाच्या विषम वाटणीतून ते उत्पन्न होते. ही विषम वाटणी घडवून आणण्याचे काम उपरोध करतो, आणि ती सोसत वाचकाला त्या जागी खिळवून ठेवण्याचे काम वातावरण करते. उपरोधावाचून वातावरण ही नुसती सजावट ठरते, व वातावरणावाचून उपरोध ही नुसती बुद्धीची चमक ठरते. दोहोंचा संयोग झाला म्हणजेच भयानकाची सिद्धी होते. हे पडताळून पाहण्यासाठी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो याच्या चार कथा आणि त्याच्यामागून आलेल्या एका इंग्रज लेखकाची एक कथा, एवढी सामग्री पुरेशी आहे.

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बॉस्टन येथे झाला. आईबाप दोघेही नाटकमंडळीतील नटनटी होते. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तोच, १८११ च्या डिसेंबरात, आई रिचमंड येथे निवर्तली आणि जॉन ॲलन नावाच्या एका व्यापाऱ्याच्या घरी त्याचे संगोपन झाले. पुढे मासिकांचे संपादन आणि मासिकांसाठी लेखन हीच त्याची उपजीविका होती, आणि ७ ऑक्टोबर १८४९ रोजी बाल्टिमोर येथे, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. मासिकांच्या पानांवरच त्याची कथा वाढली हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण कथा एका बैठकीत वाचून संपली पाहिजे हा त्याचा आग्रह त्या व्यवसायातून आलेला आहे. नॅथॅनियल हॉथॉर्न याच्या कथासंग्रहाचे परीक्षण करताना १८४२ साली त्याने हे तत्त्व मांडले की, लेखकाने आधी आपल्याला वाचकाच्या मनावर कोणता एकच एक परिणाम करावयाचा आहे ते ठरवावे आणि मग त्या परिणामाला पोषक अशाच घटना निर्माण कराव्यात. पहिलेच वाक्य जर त्या दिशेने पाऊल टाकीत नसेल, तर लेखक पहिल्याच पावलाला चुकला असे समजावे. आपल्या कथांतील भय हे जर्मन भूतकथांवरून उचललेले आहे असा आक्षेप त्याच्यावर येत असे. १८३९ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या दोन खंडांच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत त्याने या आक्षेपाला दिलेल्या उत्तराचा आशय असा की, भय हे कोणा एका देशाचे नसते, ते आत्म्याचे असते.

प्रथम वातावरणाचा विचार करू. १८३९ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध झालेली 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' ही कथा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शरद ऋतूतील एका निःशब्द, अभ्राच्छादित दिवशी निवेदक घोड्यावरून अशर या आपल्या बालमित्राच्या वाड्यापाशी येतो आणि वाडा दिसताक्षणी त्याच्या मनावर एक असह्य उदासीनता पसरते. येथवर कोणीही सामान्य लेखक येईल. पोचे कौशल्य पुढे आहे. निवेदक हा विचारी मनुष्य असल्यामुळे तो या उदासीनतेचे कारण शोधू लागतो. भिंती, रिकाम्या डोळ्यांसारख्या खिडक्या, वठलेली झाडे, यांची मांडणी थोडी निराळी असती तर हा परिणाम कदाचित नाहीसा झाला असता, असा तर्क तो करतो, आणि तो तर्क पडताळण्यासाठी वाड्यालगतच्या काळ्या तळ्याच्या काठाशी जाऊन पाण्यातील उलट्या प्रतिबिंबाकडे पाहतो. मांडणी बदलते, परंतु भय कमी न होता दुणावते. बुद्धीने शोधलेला उपाय बुद्धीच्याच देखत निष्फळ ठरतो, आणि वाचकालाही कळून चुकते की या प्रदेशात विवेकाचा अंमल चालत नाही. वातावरण निर्माण होते ते केवळ काळोखाच्या वर्णनाने नव्हे. त्या काळोखातून बाहेर पडण्याचे मार्ग एकामागून एक बंद होत गेल्याने ते निर्माण होते.

याच कथेच्या प्रारंभी इमारतीच्या छपरापासून भिंतीवरून नागमोडी उतरत तळ्याच्या पाण्यापर्यंत गेलेल्या एका बारीक भेगेचा उल्लेख येतो. निवेदक तो जाता जाता करतो व पुढे जातो. वाचकही तो विसरतो. अखेरीस तीच भेग रुंदावते आणि सबंध वाडा तळ्यात गडप होतो. वातावरणातील प्रत्येक तपशील अशा रीतीने एकाच वेळी वर्णनही असतो आणि भविष्यकथनही. वादळी रात्री अशरचे मन शांत करण्यासाठी निवेदक त्याला एका वीरपुरुषाची अद्भुतकथा वाचून दाखवितो, तो प्रसंग तर याहून मार्मिक आहे. पुस्तकातील वीर दार फोडतो, त्याच क्षणी वाड्यात कोठेतरी लाकूड फुटल्याचा आवाज होतो. पुस्तकातील अजगर किंचाळतो आणि तशीच किंकाळी दूरवर उठते. पुस्तकातील ढाल जमिनीवर आदळते आणि धातूचा खणखणाट कानी पडतो. भय घालविण्यासाठी हाती घेतलेले साधनच भयाचे वाहन होते. निवेदकाला हा योगायोग वाटतो, वाचकाच्या मनात संशय येतो आणि अशर मात्र सर्व जाणून असतो, कारण आपल्या बहिणीला आपण जिवंतपणीच तळघरात बंद केले हे त्याला कित्येक दिवसांपासून ठाऊक असते. एकाच खोलीत तीन मने ज्ञानाच्या तीन पायऱ्यांवर उभी आहेत, आणि सगळा थरकाप त्या पायऱ्यांमधील अंतरातून येतो.

१८४२ च्या मे महिन्यात 'द मास्क ऑफ द रेड डेथ' ही कथा प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी जानेवारीत पोची तरुण पत्नी व्हर्जिनिया हिला, ती गात असता, रक्ताची उलटी झाली होती व तिच्या क्षयाचे ते पहिले उघड चिन्ह होते. चरित्रावरून कथेचा अर्थ लावण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. तथापि ज्या मृत्यूला दार बंद करता येत नाही त्याचे चिंतन त्या घरात चालू होते, एवढे म्हणणे गैर होणार नाही. कथेत प्रॉस्पेरो नावाचा राजपुत्र, देशभर रक्तवर्णी महामारी माजली असता, आपल्या एक हजार सरदारांना आणि स्त्रियांना घेऊन तटबंदीच्या मठात जाऊन राहतो, लोखंडी दारांचे अडसर आतून वितळवून पक्के करवितो आणि पाचसहा महिन्यांनी मुखवट्यांचा नृत्योत्सव भरवितो. उत्सवासाठी सात दालने आहेत. पूर्वेचे निळे, मग जांभळे, हिरवे, नारिंगी, पांढरे, गर्द जांभळट आणि पश्चिमेचे काळे; शेवटच्या दालनाच्या काचा मात्र रक्तासारख्या लाल. दालने अशी वळणावळणाने बांधली आहेत की एका वेळी एकाहून अधिक दालन दृष्टीस पडू नये. म्हणजे ज्ञानाची वाटणी येथे प्रत्यक्ष स्थापत्यातच करून ठेविली आहे. उगवतीपासून मावळतीपर्यंतचा मनुष्याचा प्रवास राजपुत्राने स्वतःच्या हुकमाने बांधून घेतला आहे, आणि तो काय बांधीत आहे हे त्यालाच कळलेले नाही.

काळ्या दालनातील अबनूसाचे घड्याळ दर तासाला ठोके देते तेव्हा वादक थांबतात, नाचणारे पाय अडखळतात, वृद्धांचे हात कपाळाकडे जातात. ठोके संपले की सर्वजण हसतात आणि पुढच्या वेळी असे करावयाचे नाही असे एकमेकांना बजावतात. पुढच्या तासाला पुन्हा तेच घडते. भयाचा असा नियमित आघात आणि त्यामधील आश्वासनाचा अवकाश, यांची ही योजना संगीतातील तालाइतकीच काटेकोर आहे. मध्यरात्रीचे बारा ठोके वाजण्यास वेळ अधिक लागतो, म्हणूनच त्या वेळेपुरते विचार करण्यास थांबलेल्या लोकांना गर्दीतली एक अनोळखी आकृती दिसते. तिचा वेष महामारीने मेलेल्या प्रेताचा आहे. राजपुत्र तिच्यामागे दालनांतून धावतो आणि काळ्या दालनात कोसळतो. लोक त्या आकृतीला धरतात तो वस्त्रांच्या आत काहीच नसते. ज्या अडसरांच्या योगे मृत्यूला आत येऊ द्यावयाचे नव्हते, त्यांनी शेवटी जिवंतांना बाहेर जाऊ दिले नाही. बंदोबस्त पूर्ण होता, फक्त त्याचे तोंड उलट्या दिशेला होते.

या ठिकाणी भरताच्या नाट्यशास्त्राचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. भयानक रसाचे विभाव सांगताना भरताने विकृत आवाज, पिशाचदर्शन, कोल्ह्याघुबडांचे ओरडणे, शून्य घर आणि अरण्य यांचा निर्देश केला आहे. या रसाचा वर्ण काळा आणि देवता काळ आहे असेही तो सांगतो. पाश्चात्त्य भयकथेतील जुने वाडे, तळघरे आणि निर्जन माळ या विभावांच्याच कुळातील आहेत. परंतु त्याच प्रकरणात भयानकाचे जे तीन प्रकार भरताने केले आहेत ते माझ्या मते अधिक मोलाचे आहेत, कारण ते बाह्य सामग्रीवरून न करता भयाच्या मुळावरून केलेले आहेत. एक भय कपटाचे किंवा बतावणीचे, दुसरे अपराधातून उपजलेले, आणि तिसरे धाक दाखविल्याने निर्माण झालेले. पोच्या ज्या दोन कथांकडे आता वळावयाचे आहे त्यांपैकी एकीत कपटाने सबंध कथा व्यापलेली आहे आणि दुसरीत अपराध हाच भयाचा जनक आहे. वाडे, घुबडे आणि वादळे यांची त्यांत फारशी गरजच उरलेली नाही.

१८४६ च्या नोव्हेंबरात 'गोडीज लेडीज बुक' या स्त्रियांसाठी चालविल्या जाणाऱ्या मासिकात 'द कास्क ऑफ अमोंतिलादो' ही कथा छापून आली. उपरोधाचे तीन प्रकार मानले जातात: बोलणाऱ्याचे शब्द एक आणि हेतू निराळा, हा एक; पात्राला जे ठाऊक नाही ते वाचकाला ठाऊक आहे, हा दुसरा; आणि ज्या उपायाने इष्ट साधावयाचे त्याच उपायाने अनिष्ट ओढवणे, हा तिसरा. या छोट्याशा कथेत हे तिन्ही एकमेकांत विणलेले आहेत. इटलीतील एका शहरात, उत्सवाच्या ऐन धामधुमीत, मॉन्ट्रेसोर नावाचा गृहस्थ आपला परिचित फॉर्चुनाटो याला एका दुर्मिळ मद्याच्या पिंपाची पारख करण्याच्या निमित्ताने आपल्या वाड्याखालच्या भुयारात नेतो. फॉर्चुनाटोच्या अंगावर विदूषकाचा रंगीबेरंगी वेष आणि डोक्यावर घुंगरांची टोपी आहे. त्याने आपला अपमान केला आहे व आपण त्याचा सूड घेणार आहोत, हे मॉन्ट्रेसोरने पहिल्याच परिच्छेदात वाचकाला सांगून टाकले आहे. म्हणजे काय होणार हे रहस्य पोने आरंभीच उघड केले, आणि तसे करून त्याने भय गमावले नाही, तर मिळविले. कारण यापुढे बोलले जाणारे प्रत्येक वाक्य आपण दोनदा ऐकतो, एकदा फॉर्चुनाटोच्या कानाने आणि एकदा आपल्या.

भुयाराच्या भिंतींवर सोऱ्याचा पांढरा थर चढलेला आहे, हवा दमट आहे, आणि फॉर्चुनाटोला खोकला झालेला आहे. मॉन्ट्रेसोर त्याला पुनःपुन्हा परत फिरण्याची विनंती करतो. तुझी प्रकृती अनमोल आहे, मद्याची पारख दुसरा कोणीही करील, असे म्हणून तो त्याच्या एका प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतो. त्या नावाने डिवचला जाऊन फॉर्चुनाटो हट्टाने पुढे चालतो. खोकल्याने आपण काही मरत नाही, असे तो बेफिकिरीने म्हणतो, आणि मॉन्ट्रेसोर तत्काळ त्याला दुजोरा देतो. भोवताली विसावलेल्या मृतांच्या स्मरणार्थ एक प्याला उचलला जातो आणि यजमान पाहुण्याच्या दीर्घायुष्यासाठी दुसरा उचलतो. या संवादात खोटे असे फारच थोडे आहे. बहुतेक प्रत्येक वाक्य अक्षरशः खरे आहे, आणि त्या खरेपणातच त्याची क्रूरता साठलेली आहे. येथवर मॉन्ट्रेसोरने कोठेही जबरदस्ती केलेली नाही. आपण सकाळपर्यंत येणार नाही, कोणीही वाडा सोडावयाचा नाही, असा सक्त हुकूम नोकरांना देऊन त्याने नोकरांना पळवून लावले, आणि परत फिर असे सांगून त्याने शत्रूला पुढे नेले. मनुष्यस्वभावाची उलटी ओढ त्याला पुरती ठाऊक आहे. आणि ती ओढ आपल्यातही आहे हे ओळखूनच वाचक अस्वस्थ होतो.

भुयाराच्या टोकाशी चार फूट खोल, तीन फूट रुंद आणि सहासात फूट उंच अशा कोनाड्यात फॉर्चुनाटोला साखळीने जखडून मॉन्ट्रेसोर गवंड्याच्या थापीने भिंत रचू लागतो. अकरा थर. पोने हे थर मोजत मोजत सांगितले आहेत, आणि प्रत्येक थराबरोबर कैद्याची अवस्था बदलत जाते: नशा उतरल्याची चाहूल देणारे कण्हणे, दीर्घ स्तब्धता, साखळ्यांचा आवाज, किंकाळ्या, मग हा सगळा विनोदच असावा अशी केविलवाणी समजूत, आणि शेवटी केवळ टोपीच्या घुंगरांची किणकिण. उत्सवाचा आनंदी आवाज आणि मृत्यूचा शेवटचा आवाज एकच झाला आहे. याच क्षणी मॉन्ट्रेसोर सांगतो की आपले काळीज कसेसेच झाले, आणि लगेच त्याचे कारण भुयारातील दमट हवा हे देतो. सबंध कथेत वाचकाच्या ज्ञानाने निवेदकाच्या ज्ञानाला मागे टाकले असा हा एकच क्षण. आजवर तो जाणत होता आणि फॉर्चुनाटो अजाण होता. आता आपण जाणतो आणि तो, निदान शब्दांनी, जाणण्याचे नाकारतो.

१८४३ च्या जानेवारीत बॉस्टनच्या 'द पायोनियर' या मासिकात प्रसिद्ध झालेली 'द टेल-टेल हार्ट' ही कथा याच क्षणाचा विस्तार आहे. तिच्यात स्थळाचे नाव नाही, काळाचा निर्देश नाही, खुनी आणि वृद्ध यांचे नाते काय हेही सांगितलेले नाही. आहे ती केवळ एका गुन्हेगाराची स्वमुखाने दिलेली जबानी. आपण वेडे नाही हे सिद्ध करणे एवढाच तिचा हेतू आहे, आणि त्यासाठी तो जो जो पुरावा पुढे करतो तो तो त्याच्याच विरुद्ध साक्ष देतो. वृद्धाच्या पडदा आलेल्या निळसर डोळ्याचा आपल्याला त्रास होत असे. सात रात्री आपण अत्यंत सावधगिरीने कंदिलाची बारीक तिरीप त्या डोळ्यावर टाकून पाहिली आणि आठव्या रात्री कार्य उरकले. एवढी दक्षता वेड्याला साधेल काय, असे तो विचारतो. येथे वातावरण बाहेरच्या निसर्गात नाही, ते त्याच्या वाक्यांच्या धापा टाकणाऱ्या लयीत आहे. शांत असल्याची ग्वाही तो देतो आणि त्याची वाक्ये मात्र अडखळत, पुनरुक्ती करीत, किंचाळत धावतात.

योगायोग असा की त्याच १८४३ सालच्या जानेवारीत लंडनमध्ये डॅनियल मॅक्‌नॉटन याने पंतप्रधान पील यांच्या चिटणिसावर गोळी झाडली. वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला, आणि त्या खटल्यातून निघालेले नियम पुढे इंग्रजी अंमलाखालच्या अनेक देशांच्या कायद्यांत उतरले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे चौऱ्याऐंशीवे कलम त्याच विचारसरणीचे होते. आपण काय करीत आहोत आणि ते गैर आहे हे आरोपीला कळत होते काय, असा प्रश्न कायदा विचारतो. पोचा निवेदक या कसोटीला पुरेपूर उतरेल. कृत्य त्याला तपशीलवार कळते, ते लपविले पाहिजे हेही कळते. त्याला कळत नाही तो स्वतः. फळ्यांखाली प्रेत दडवून, पहाटे चार वाजता आलेल्या तीन शिपायांना तो त्याच खोलीत बसवितो व स्वतःची खुर्ची नेमकी त्याच फळ्यांवर मांडतो, आणि मग कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा ठोका त्याच्या कानी पडू लागतो. शिपाई हसतखेळत गप्पा मारीत आहेत. त्यांना ऐकू येत नाही असे वाचकाला वाटते, ते ऐकून न ऐकल्यासारखे करून आपली थट्टा करीत आहेत असे त्याला वाटते, आणि तो स्वतःच कबुली देऊन मोकळा होतो. अपराधातून उपजलेले भय असे असते. त्याला धाक घालणाऱ्या दुसऱ्या कोणाची आवश्यकता लागत नाही.

ज्ञानाची वाटणी हेच भयाचे मूळ आहे, याचे अत्यंत निखळ प्रमाण मात्र मला पोमध्ये नव्हे, तर डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याच्या १९०२ सालच्या 'द मंकीज पॉ' या कथेत आढळते. गोदीतील खलाशांच्या विनोदी कथांसाठी प्रसिद्ध असलेल्या या इंग्रज लेखकाने येथे तीन वरांची जुनी कल्पना घेतली आहे. हिंदुस्थानात एकवीस वर्षे लष्करी नोकरी करून परतलेला एक सार्जंट-मेजर एका पावसाळी रात्री व्हाइट नावाच्या वृद्ध दांपत्याच्या घरी वानराचा वाळलेला पंजा आणतो. मनुष्याचे जीवन नियतीच्या हाती आहे आणि तिच्यात ढवळाढवळ करणाऱ्याला दुःखच मिळते, हे दाखविण्यासाठी एका फकिराने तो मंतरून ठेविला आहे, असे तो सांगतो. साम्राज्याने दूरदेशाहून आणलेल्या वस्तूंबरोबर त्या देशाविषयीचे अनामिक भयही इंग्रजी घरात येऊन बसले होते, याचा हा एक पुरावाच म्हणता येईल. वृद्ध व्हाइट घराचे कर्ज फेडण्यापुरते दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून ठार झाला आहे, कंपनी कसलीही जबाबदारी पत्करीत नाही, तथापि त्याच्या सेवेची कदर म्हणून नुकसानभरपाईदाखल काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम दोनशे पौंड आहे. वर शब्दशः फळला आहे. त्याच्या भाषेत कोठेही दगा नाही.

परंतु कथेचे खरे शिखर पुढे आहे. मुलाला पुरून काही दिवस लोटल्यावर शोकाने व्याकूळ झालेली आई दुसऱ्या वराने मुलाला परत मागावयास लावते, आणि मध्यरात्री दारावर थाप पडते. मुलाचा चेंदामेंदा झालेला देह बापाने पाहिला आहे, तो त्याने केवळ कपड्यांवरून ओळखला होता. आईने तो पाहिलेला नाही. त्यामुळे एकच थाप आईच्या कानी परमानंद होऊन पडते व बापाच्या कानी परम भीती होऊन. ती खुर्चीवर चढून वरचा अडसर काढण्यासाठी धडपडते, तो जमिनीवर रांगत तो पंजा शोधतो, आणि दार उघडण्यापूर्वी तिसरा वर उच्चारला जातो. दाराबाहेर कोण होते हे आपल्याला कधीच दिसत नाही. लेखकाने जर ते दाखविले असते तर कथा तत्क्षणी बीभत्साच्या पातळीवर उतरली असती. न दाखविल्यामुळे ती बापाच्या ज्ञानात आणि आईच्या अज्ञानात विभागलेली राहिली, व वाचकाला दोघांचीही बाजू एकाच वेळी सोसावी लागली. दार उघडावे असेही वाटते आणि उघडू नये असेही वाटते, हा मनाचा दुभंग म्हणजेच रॅडक्लिफने वर्णिलेले ते मनाला जागविणारे भय होय.

आता कोणी असे विचारील की, या दुभंगात सुख कसले? प्रत्यक्षात जे टाळण्यासाठी मनुष्य जिवाचा आटापिटा करतो ते तो पुस्तकात पैसे देऊन का शोधतो? या प्रश्नाला मला सर्वांत समाधानकारक वाटलेले उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्ताचे आहे. नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, राजाच्या बाणापुढे मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. ते भय 'मी भ्यालो आहे' असे नसते, 'तो भ्याला आहे' असेही नसते. देश, काल आणि व्यक्ती यांच्या बंधनांतून सुटलेले ते निखळ भय असते, आणि म्हणूनच रसिक त्याचा आस्वाद घेऊ शकतो. भयकथेतील भय हे अशा रीतीने साधारणीकृत झालेले असल्यामुळे आपण त्याच्यापासून पळत नाही, त्याच्याकडे निरखून पाहतो.

मात्र पोने या व्यवस्थेत एक अशी भर घातली आहे की जिच्यामुळे त्याचा वाचक केवळ तटस्थ रसिक राहू शकत नाही. मॉन्ट्रेसोर आपली हकिकत ज्याला सांगतो त्याला तो आपल्या स्वभावाचा पूर्ण जाणकार म्हणून संबोधितो; कथेच्या अखेरीस कळते की भिंत रचल्याला अर्धशतक लोटले आहे. हा ऐकणारा कोण? तो मृत्युशय्येपाशी आलेला धर्मगुरू असेल, कोणी जुना मित्र असेल. कथा सांगत नाही, आणि रिकाम्या ठेवलेल्या त्या जागेवर वाचकाला नेऊन बसविते. आपण त्याच्या चातुर्याचे कौतुक करीत, त्याच्या संवादातील दुहेरी अर्थ चाखीत अकरा थर चढेपर्यंत सोबत चाललो. कोणता अपमान झाला होता हे आपल्याला एकदाही सांगितलेले नाही, आणि बहुतेक वाचकांना ते विचारण्याचे भानही राहिलेले नसते. फिर्यादी, न्यायाधीश आणि मारेकरी ही तिन्ही कामे एकाच माणसाने केली, आणि आपण त्याच्या मधुर भाषेमुळे ती मान्य केली. उपरोधाचे शेवटचे टोक येथे खुद्द वाचकाकडे वळलेले आहे.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथेला आणि गूढकथेला आपल्याकडे मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांतून नियतीच्या उपरोधाचे एक गंभीर दर्शन मराठीत घडले. या साहित्याकडे निव्वळ करमणुकीची किंवा मनोदौर्बल्याची बाब म्हणून पाहण्याची जी सवय आपल्या समीक्षेत दीर्घकाळ रेंगाळली, ती टाकून द्यावयास हवी. उत्तम भयकथा कोणती हे ओळखण्यासाठी पुढील तीन प्रश्न पुरेसे आहेत. या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे? भोवतीच्या वर्णनातील कोणता तपशील पुढच्या घटनेचे बीज धारण करून आहे? आणि बोलणाऱ्याच्या शब्दांत व त्याच्या हेतूत किती अंतर आहे? ज्या कथेला हे प्रश्न विचारता येतात ती कथा केवळ दचकविण्यासाठी लिहिलेली नाही असे खुशाल समजावे.

अशा कथा वाचून मनुष्य भित्रा होतो हा समज मला मान्य नाही. प्रत्यक्ष जीवनात ज्यांनी माणसांवर मोठमोठे अनर्थ ओढविले त्यांतील कित्येकांची भाषा सौम्य होती, युक्तिवाद सुसंगत होता आणि दुसऱ्याच्या प्रकृतीविषयीची आस्थाही त्यांच्या तोंडी होती. सुरक्षिततेचे अभेद्य बंदोबस्त करणाऱ्या राजपुत्रांची आणि आपल्या शहाणपणाचे पुरावे देत सुटणाऱ्या वेड्यांचीही इतिहासात वाण नाही. समंजस वाटणाऱ्या आवाजाला कोठे खीळ बसते, तो कोणते कारण उगाच पुढे करतो, कोणता प्रश्न तो विचारूच देत नाही, हे ऐकण्याची शिकवण या काळोख्या कथा देतात. आणि ती शिकवण नीतिपाठांतून मिळत नाही, कारण नीतिपाठ दुष्टाला दुष्टाच्याच वेषात आणून उभा करतो. भयकथेचे वाङ्मयीन मोल मी यातच मानतो की, ती वाचकाला आधी फसू देते, मग तो कोठे फसला ते त्याला दाखविते, आणि पुढच्या वेळी अधिक सावध कानांनी ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर सोपविते.